पहिलं घर तेच शेवटचं

गावाचं नाव मी देणार नाही. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं गाव, एवढं पुरे. तिथल्या लोकांनी मला पार देवघरापर्यंत नेलं, आणि मी परत येऊन त्यांचा पत्ता छापून टाकायचा, हे काही बरं नव्हे. बाकी जे पाहिलं, ऐकलं आणि खाल्लं ते सगळं सांगते. खाण्याचं जरा जास्त येईल, त्याला माझा इलाज नाही.

मी उमरीची. माझं कापडाचं दुकान आहे, आणि दुकान सोडून दोन दिवस कुठं जायचं म्हटलं की मी न जायची दहा कारणं शोधते. पण सुनंदा माझी नांदेडच्या हॉस्टेलातली मैत्रीण. त्या गावातल्या शाळेत शिकवून शिकवून ती आता तिथलीच झालीय. तिचा फोन आला, "अगं, आम्ही गावातली जुनी घरं दाखवून राहिलो. तू ये."

"विकायला काढलीत का?" मी विचारलं.

"गप गं. बघायला. पाहुण्यांनी घरं बघायची आणि पेटीत मनाला येईल ते टाकायचं. त्यातून गावाला गाडी घ्यायची हाय."

गाडीची गोष्ट अशी. बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो की मध्येच छातीत कळ आलेलं कुणी, या गावातून उदगीरच्या दवाखान्यात न्यायला हक्काचं वाहन नाही. मागच्या पावसाळ्यात एक बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली बाळंत झाली. आई आणि बाळ दोघं वाचली, पण गाव हादरलं. गावात दाखवण्यासारखं काय आहे, तर एक गल्ली. निजामाच्या काळात धान्याच्या व्यापारावर उभी राहिलेली दगडी, सागवानी, माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं. लातूरची पोरं लग्नाआधीचे फोटो काढायला तिथं येतात, दारातल्या ढेलजेत बसून फुकटचा चहा पितात आणि जातात. सुनंदा म्हणाली, फुकट कशाला?

माझ्याकडं तिनं एकच मागणं केलं, पाहुण्यांच्या मनगटाला बांधायला पिवळ्या फिती. मी दुकानातलं पिवळं कापड फाडलं, फिती केल्या, गठ्ठा बांधला आणि मुखेडवरून एसटीनं निघाले. एसटीचं वर्णन करत नाही. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांना मला घाबरवायचं नाही.

शनिवार, महादेवीच्या घरी

येळवस होऊन चार-पाच दिवस झाले होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी लातूर भागात माणसं घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात. आमच्या उमरीकडं तिचा एवढा गाजावाजा नसतो. रानात अजून पूजेच्या कडब्याच्या खोपी उभ्या होत्या. तुरी निघालेल्या, हरभरा घाट्यावर आलेला, करडई फुलात. जमीन आमच्यासारखीच काळी, पण जरा जास्त दगडाची.

सुनंदानं माझी उतरायची सोय महादेवीकडं केली होती. महादेवी भालकीकडची, लग्न होऊन इकडं आलेली, अंगानं शिडशिडीत, लिंगायतांच्या रीतीनं कपाळावर विभूतीचे पट्टे. दारातच म्हणाली, "बर्री, बर्री ताई!" कानडी मला येत नाही, पण ती ज्या तऱ्हेनं बाजूला सरली त्यावरून आत या म्हणतेय हे कळलं.

घर पाहून मी हबकलेच. ढेलज म्हणजे दारातली बैठक, ती छान दगडी. पुढं चौक असायला हवा, तर चौकाच्या मधोमध विटांची भिंत. सिमेंटचा गिलावा नाही, रंग नाही, नुसती नागडी भिंत. वर बघितलं तर सागवानी तुळई सरळ भिंतीच्या डोक्यावरून पलीकडं गेलेली. अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

"वाटणी," महादेवी म्हणाली.

तिनं जेवायला वाढलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्यात कालवलेला ठेचा, आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील मी आमच्याकडं कितीदा प्यायलेय, पण हिच्यात लसूण इतका सढळ हातानं होता की दुसरा पेला मी न मागताच पुढं केला. तिचा नवरा विश्वनाथअण्णा समोर बसून मुकाट्यानं जेवला, ताटाला हात लावून नमस्कार केला आणि शेताकडं निघून गेला. एकूण बोलला दोन शब्द, तेही मांजराशी.

मग भिंतीची गोष्ट निघाली. पलीकडं थोरला भाऊ मन्मथअप्पा राहतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा आड आला विश्वनाथअण्णाकडं आणि देवघर गेलं मन्मथअप्पाकडं. पहिल्या उन्हाळ्यात काहीतरी बोलाचाली झाली आणि यांनी थोरल्याला आडाचं पाणी बंद केलं. त्यांनी यांना देवघराचं दार बंद केलं. महादेवीनं दोन्ही गोष्टी सारख्याच आवाजात सांगितल्या. "चूक आमच्याकडून सुरू झाली, ताई. खोटं कशाला बोलू?"

"मग आता काय अडलंय?" मी विचारलं. मला हे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं शोभत नाही, पण मी विचारलं.

अडलं होतं ते असं. तिच्या लेकीचं, गौरीचं लग्न ठरलं होतं, हुमनाबादला. गौरी लातूरला नर्स आहे, सुट्टी काढून आलेली. या घरातली प्रत्येक लेक हळद लागायच्या आधी देवघरात वीरभद्रासमोर समई लावते आणि मग घर सोडते. मन्मथअप्पाच्या दोन्ही मुलींनी लावली. आत्यांनी लावली, त्यांच्या आत्यांनी लावली. गौरी ही या घराची शेवटची लेक. हळद येत्या आठवड्यात, आणि देवघर भिंतीपलीकडं.

"मी बाहेरून हात जोडीन गं अव्वा," गौरी म्हणाली. "गळ्यात लिंग हाय की माझ्या. देव काय भिंतीपलीकडंच असतो का?"

"देवाचं न्हाई," महादेवी म्हणाली. "घराचं बोलून राहिले मी."

मग तिनं माझ्या गठ्ठ्याकडं बोट दाखवलं. "ताई, त्यातल्या दोन फिती मला द्या."

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर घरच्या यजमान."

"माझ्या घरात मी यजमान. त्यांच्या घरात मी कोण?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुनंदानं महादेवाच्या देवळात गावाला बसवून एक नियम करून घेतला होता. ज्याच्या मनगटाला फीत, त्याला कुठलंही घर उंबऱ्यावर अडवणार नाही, तू कोण असं विचारणार नाही, गूळपाणी देईल आणि सगळ्यांना दाखवतात ते त्यालाही दाखवेल. हा नियम तिनं दुसऱ्याच कारणानं केला होता. गावातल्याच काही माणसांना यातल्या काही घरांनी ढेलजेच्या पुढं कधी नेलं नव्हतं, ते तिला मोडायचं होतं. मन्मथअप्पानंही देवासमोर मान डोलावली होती. महादेवीनं तोच नियम धरला होता.

"आणि ते तुम्हाला काही बोलले तर?"

महादेवी हसायला लागली. "बोलतात कशानं? भाया ना माझे!"

नवऱ्याच्या थोरल्या भावाला भाया म्हणतात. धाकट्याच्या बायकोनं भायासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांनी तिच्याशी सरळ बोलायचं नाही, तिनंही नाही. काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. आमच्याकडं हे आता आजीच्या पिढीबरोबर गेलं, माझे भाया तर मला व्हॉट्सअॅपवर विनोद पाठवतात. पण या घरात ते चालू होतं. म्हणजे लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्याशी एक शब्द बोललेला नाही, आणि भांडण झाल्यावर त्यानं बोलणं बंद केलं! मग बंद काय केलं म्हणायचं? मला हसू आवरेना. महादेवीही पोट धरून हसली, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

रविवार, गल्लीत

सकाळी लातूर-उदगीरहून बरीच माणसं आली. कॅमेरेवाले, दोन डॉक्टर, एक अख्खं कुटुंब. शिवाय ज्यांना ढेलजेपुढं कधी नेलं नव्हतं ती गावच्याच वरच्या अंगाच्या वस्तीतली, नवीन कपडे घातलेली माणसं. गल्ली वळसा घेऊन फिरते, त्यामुळं झालं असं की महादेवीचं घर पहिलं आणि भिंतीपलीकडचं मन्मथअप्पाचं शेवटचं. एकच घर, पण पाहायला अख्खी गल्ली फिरून यायचं. एक डॉक्टर म्हणाले, "हे मस्तंय." मला त्यात मस्त काही वाटलं नाही.

मन्मथअप्पानं निरोप पाठवला होता, दिवेलागण झाली की आपलं दार लागेल. सुनंदा म्हणाली, दुपारीच पोचू, काळजी नको. आम्ही सगळे एका घोळक्यानं फिरणार होतो. महादेवी घोळका सोडून एकटी पुढं जाणार नव्हती. एकटी गेली तर ती पाहुणी नव्हती, भांडणातली धाकटी भावजय होती.

पहिल्या घरी तिनं नियमाप्रमाणं गूळपाणी दिलं. आड दाखवला, सवणं दाखवलं. सवणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडला होता. सगळं झटपट आटपलं.

घोटाळा दुसऱ्या घरापासून झाला. तिथल्या बाईंनी गूळपाण्याबरोबर सुशीला ठेवली होती. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरची घालून केलेली, वर शेव. "थोडंसंच हाय," म्हणाल्या. आता पाहुणा घरात आला आणि नुसतं पाणी पिऊन गेला, हे या गावात कुणाच्या पचनी पडणार? तिसऱ्या घरात ही बातमी आमच्या आधी पोचली होती. तिथं कांदाभजी. चौथ्या घरवालीनं आमच्या देखत नवऱ्याला दुकानात पिटाळलं आणि गव्हाची हुग्गी आटवायला घेतली, गूळ-तुपाची. ती होईपर्यंत बसा! नाही म्हणायची सोय नाही. सुनंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "नियम केला, पण पोटाचा नियम कसा करू?"

याच घरात माझी फटफजिती झाली. तिथं भिंतीच्या पोटात धान्य साठवायचं बळद आहे, वरून भोक, आत माणूस उभा राहील एवढी खोली. मला आत बघायचंच होतं. शिडीनं उतरले, बघितलं, आणि वर यायच्या वेळी गुडघ्यानं संप पुकारला. खालून कुणी ढकलायला नाही, वरून दोन डॉक्टर माझे हात धरून ओढताहेत, आणि मी ओरडतेय, "खांदा निखळेल हो!" बाहेर आले तेव्हा केसांत जुन्या ज्वारीचा भुसा. त्यात घामानं माझ्या फितींचा रंग सुटला. सगळ्यांची मनगटं पिवळी, हुग्गीच्या वाट्यांवर पिवळी बोटं. कापडाच्या दुकानदारीणबाई मी! लोकांना वाटलं हळद आहे, आणि ते ऐकून गौरीनं आपलं मनगट मागं लपवलं.

महादेवी कुठंच काही खात नव्हती. वाटी घ्यायची, शेजारच्याच्या वाटीत ओतायची आणि दाराबाहेर जाऊन ऊन कुठवर आलंय ते बघायची. पाचव्या घरात पुन्हा चहा, सहाव्यात म्हाताऱ्या मालकांनी पणजोबांच्या घोड्याची कहाणी सुरू केली. घोडा बिदरला पोचायचं नाव घेईना. मी मध्येच उठून म्हणाले, "आजोबा, घोडा उद्या पोचवा, आम्हाला दिवेलागणीआधी शेवटचं घर गाठायचंय." सगळे हसले, आजोबा रुसले. मला वाईट वाटलं, पण मी मागं बघितलं नाही.

गाडीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नंतर राहून जाईल. पेटी चांगली भरली, कमी पडलं ते गल्लीतल्याच घरांनी घातलं, आणि जुनी का होईना एक जीप गावात उभी आहे. परवाच सुनंदाचा फोन आला, पहिली बाळंतीण वेळेवर पोचली.

शेवटचं घर

उदगीरची बस गाठायला बरेच पाहुणे मधूनच गेले होते. शेवटच्या दारात आलो ते आम्ही मोजकीच माणसं. ऊन माळवदाच्या कडेवर गेलं होतं.

मन्मथअप्पा ढेलजेत बसलेले. पांढरं धोतर, कपाळभर विभूती, समोर तांब्या आणि गुळाचं ताट. प्रत्येकाच्या हातावर ते गुळाचा खडा ठेवत आणि पेला पुढं करत. वस्तीतल्या माणसांनाही दिलं, मला दिलं, "बसा ताई" म्हणाले. मग गौरी आली. त्यांनी तिच्या मनगटाकडं बघितलं, मग तोंडाकडं. गूळ दिला. तिनं वाकून नमस्कार केला, त्यांचा हात तिच्या डोक्याकडं अर्धा आला आणि परत ताटाकडं गेला.

मग महादेवी. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पिवळी फीत बांधलेला हात पुढं.

मला वाटलं, आता हे उठून दार लावणार. त्यांनी गूळ उचलला आणि तिच्या तळव्यावर वरून टाकला. पाण्याचा पेला फरशीवर ठेवून पुढं सरकवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला कुणी गूळपाणी देतं का? गूळपाणी परक्याला. त्यांनी नियम पाळला होता, आणि त्याच नियमानं तिला सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की तू या घराची नाहीस. मी तोंड उघडणार होते. महादेवीनं माझं मनगट दाबलं, गूळ तोंडात टाकला, पेला उचलून पाणी प्यायली, आणि आत गेली.

आत तिची जाऊ, शांताबाई, घर दाखवत होती. महादेवीला बघून ती बोलता बोलता अडखळली, "हे खांब... सागवानी... हे..." आणि पुढचं विसरली. भिंत या बाजूनंही तशीच नागडी होती. तुळईचं दुसरं टोक इथं होतं, त्याच्यावर मोर कोरलेला.

देवघर कोपऱ्यात, ठेंगण्या दाराचं. शांताबाई खाली बघून म्हणाली, "पाहुण्यांनी उंबऱ्यावरून बघायचं. आत न्हाई जात कुणी." नियम सगळ्यांना सारखा होता. त्यात आमचा काही इलाज चालेना. आम्ही एकेक करून वाकून बघितलं. चांदीचा वीरभद्र, पितळी समई, समईत सकाळची विझलेली वात. गौरी उंबऱ्याशी बसली आणि बसूनच राहिली. महादेवी तिच्या मागं उभी. तिचे ओठ हलत होते. मला रडू यायला लागलं होतं. इतकं करून उंबऱ्यापर्यंतच! बाहेर दिवेलागणीची वेळ झाली होती, गल्लीत कुणाच्या तरी घरी घंटा वाजली.

मागून पावलांचा आवाज आला. मन्मथअप्पा दार लावायला उठलेत, असंच मला वाटलं. ते आत आले, खांबाशी उभे राहिले, महादेवीकडं पाठ करून. मग घसा साफ केला आणि खांबाकडंच बघत म्हणाले, "ताई."

त्या घरातला तिसरा माणूस मी. "काय अप्पा?"

"त्यांला सांगा, समईत तेल न्हाई. नुसती वात जळंल."

महादेवी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तरी मी वळून तिला सांगितलं, "ते म्हणतात, समईत तेल नाही."

तिनं गौरीच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "त्यांना सांगा, तेल कुठं असतंय ते मला ठाव हाय."

मी ते सांगायला अप्पांकडं वळले. पण सांगायची गरज नव्हती. ती उंबरा ओलांडून आत गेली, आणि न बघता दारामागच्या कोनाड्यात तिनं हात घातला.

बाटली तिथंच होती.